सागरबाईंचा सोमवार

आखाडा बाळापूरच्या फाट्याजवळ मोटारसायकलचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली होती, मी शेजारच्या बाकड्यावर चहा घेऊन बसलो होतो आणि बाजाराला आलेली माणसं बघत होतो. नांदेडला पोचायला आता उशीर होणार, दवाखान्यातली भेटीची वेळ टळणार, म्हणून मनातल्या मनात त्या चाकाला शिव्या देणं चालू होतं. तेवढ्यात फोन वाजला. मारोतीचा, म्हणजे सागरबाईंच्या धाकट्या भावाचा. हा माणूस नेहमी मोठ्याने बोलणारा. रानात मेंढरांना हाका मारून मारून आवाजच तसा झालेला. त्या दिवशी मात्र त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून मला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. "सर, तुमी नांदेडला येऊ नका," तो म्हणाला. "आमीच ताईला घेऊन घरी येऊन राहिलो." मला वाटलं, दवाखान्यातून सोडलं. अरे वा, मग बरंच झालं, असं मी म्हणालोसुद्धा... तिकडून बायकांचं रडणं ऐकू आलं. तेव्हा मला कळलं.

डोंगरकडा त्याच रस्त्यावर, बाळापूरच्या पुढे. त्यामुळे कुठे वळावं लागलं नाही, फक्त ठरवलं होतं त्याच्या आधीच थांबावं लागलं. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीवर मी पोचलो तेव्हा गाडी यायची होती. सागरबाईंचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, मेंढरांच्या जाळीपाशी उभे होते. मेंढरं सकाळपासून चरायला सोडलीच नव्हती आणि त्यांनी ओरडून वस्ती डोक्यावर घेतली होती. मी आबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्या खिशात फोन होता, फोनमध्ये आदल्या दिवशी, सोमवारी घेतलेलं लेझरच्या लाल ठिपक्याचं मोजमाप होतं, आणि ते ज्यांना दाखवायला मी निघालो होतो त्या... आता इतके आठवडे उलटले, तरी हे वाक्य मला धड पुरं करता येत नाही.

सागरबाई आमच्या हिंगोलीच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायच्या. मी त्यांच्या आधीपासून तिथे होतो आणि वयानेही मोठा. वेळापत्रकावर 'सागर' एवढंच नाव वाचून पहिल्या दिवशी आमच्या विभागाने त्यांच्यासाठी पुरुषांच्या खोलीत कपाट राखून ठेवलं होतं. आल्या त्या एक चापूनचोपून साडी नेसलेल्या, उंच, सावळ्या बाई. कपाट बघून म्हणाल्या, राहू द्या, वस्तू ठेवायला चालेल. पुण्याच्या एका लेझर प्रयोगशाळेत त्यांनी बरीच वर्षं काढलेली. असं माणूस तिथलं सोडून इथे काय म्हणून येतं, याचा आम्हा सगळ्यांनाच प्रश्न. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "मेंढरं बी पावसाळ्याला घरी येतात, सर." एवढंच. पुढे कितीही खोदून विचारलं तरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं, त्याबद्दल विचारायची तर कुणाची छातीच झाली नाही.

आमच्या प्रयोगशाळेत कडप्प्याच्या ओट्यावर एक जुना लाल लेझर होता, अजून आहे. लांबट धातूची पेटी, आत वायू भरलेली काचेची नळी. वीज लावली की एका टोकातून लाल रेघ निघते आणि समोर ठिपका पडतो. विद्यार्थ्यांना तो ठिपका म्हणजे लाल टिकली वाटते. पण कॅमेऱ्यातून बघितलं की कळतं, तो मधोमध लख्ख असतो आणि कडेला जाताना विरत जातो, कुठे संपतो ते सांगता येत नाही. ज्याला कड नाही त्याची रुंदी कशी मोजायची, हाच त्यातला सगळा खेळ. त्यासाठी जगभरच्या लोकांनी मिळून काही नियम ठरवले आहेत. नियम मला पाठ होते, मोजायलाही मला आवडायचं. मोजून झाल्यावर आलेलं सगळं नीट ठेवणं मात्र मला जन्मात जमलं नाही. आमच्या विभागाची रीतच अशी होती की आकडा संगणकात आणि त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या डोक्यात.

या रीतीने काय होतं ते सागरबाईंना पहिल्याच आठवड्यात दिसलं. त्यांनी आमची जुनी मोजमापं उघडली. प्रत्येकात ठिपक्याची रुंदी होती, पण ती कॅमेऱ्याच्या चौकोनांमध्ये. कॅमेऱ्याच्या आत बारीक चौकोनांची जाळी असते, ठिपका किती चौकोनांवर पसरला ते संगणक सांगतो. एक चौकोन केवढा हे ठाऊक असेल तरच त्या आकड्याला काही अर्थ. तो जुना कॅमेरा केव्हाच बिघडून भंगारात गेला होता. चौकोनाचं माप छापलेलं होतं त्याच्या खोक्यावर, आणि ते खोकं होतं मजबूत, आत स्पंज वगैरे. आमच्यापैकीच कुणीतरी त्यात वसमतची हळद भरून पुण्याच्या पाहुण्यांना पाठवली होती. कुणी, ते अजून कबूल झालेलं नाही. पाहुण्यांना फोन लावला तर हळद फार चांगली होती असं कळलं. सागरबाई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. जुन्या कामाची ती सगळी थप्पी त्यांनी वेगळी काढली आणि प्रत्येकावर नोंदवलं, 'एकक माहीत नाही.' मी म्हणालो, अहो, चौकोन साधारण केवढा असेल याचा अंदाज करता येईल की. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "अंदाज लिहा की. पण अंदाज आहे असं बी लिहा."

मग त्यांनी आम्हाला साचा शिकवायला घेतला. लेझरच्या मोजमापासाठी जगात मान्य असलेला एक ठरावीक साचा आहे. एकाच फाइलमध्ये ठिपक्याचं पूर्ण चित्र, चौकोनागणिक उजेडाचा आकडा, आणि त्याच फाइलच्या पोटात बाकीचं सगळं: कॅमेरा कोणता, चौकोन केवढा, लेझरपासून तो किती अंतरावर होता, उजेड कमी करायला मध्ये काळी काच कोणती घातली, लेझर झाकल्यावर नुसत्या खोलीचा उजेड किती होता, एकक कोणतं, कधी मोजलं. एकही रकाना मोकळा ठेवला की त्यांच्या कपाळाला आठी. मला हा सगळा खाजवून खरूज काढण्याचा प्रकार वाटायचा. मोजायला दोन मिनिटं आणि भरायला वीस, असं मी विद्यार्थ्यांसमोरच म्हणायचो. फाइलच्या नावातच सगळं लिहिलं की झालं, हा माझा सिद्धांत. माझ्या फायलींची नावं आगगाडीएवढी लांब असत. यावर त्यांनी वर्गात जे सांगितलं ते आमच्याकडची मुलं अजून सांगतात. घरात डाळींच्या डब्यांवर नाव लिहायचं तर झाकणावर लिहू नका, डब्यावर लिहा, झाकणं बदलतात. फाइलचं नाव हे झाकण आहे. कुणीही बदलतं, कॉपी करताना आपोआप बदलतं. आत काय आहे ते आतच लिहिलेलं पाहिजे. त्या दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाकघरात बघितलं, तर तुरीच्या डब्यावर हरभऱ्याचं झाकण होतं. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही, उगाच शेफारल्या असत्या.

पुढे एकदा त्यांनी मला आणि बायकोला डोंगरकड्याला जेवायला नेलं. भाकरी, झणझणीत कालवण आणि वर मारोतीचा आग्रह. जेवण झाल्यावर बाहेर घोंगडीवर बसलो होतो आणि बोलता बोलता मी त्यांच्या साच्याची तक्रार थेट आबांपुढे मांडली. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सागरबाई त्यांना समजावून सांगायला लागल्या, की आबा, आपण कोकराच्या कानाला आपली खूण कापतो ना, तसंच आहे हे. दोन कळप एकमेकांत घुसले तर मालक तिथं नसला तरी मेंढरू कुणाचं ते कळतं. आबांनी मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "मेंढरू चुकतं ते चरायला जातं म्हणून. तुही फाइल कुठं चरायला जाती?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. सागरबाईसुद्धा हसल्या. पण हसून झाल्यावर त्यांनी जे म्हटलं ते माझ्या लक्षात राहिलं. "तीच तर लांब जाती, आबा. आपुन मेल्यावर बी जाती. तवा तिच्यासंगं कोण ऱ्हाणार सांगायला?" आबा उठून जाळीकडे गेले.

त्यांच्या कामाचा मोठेपणा मला पटला तो विजेच्या पायी. आमच्याकडे वीज जाते-येते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण सागरबाईंच्या लक्षात आलं की दुपारी घेतलेल्या मोजमापात ठिपका जागेवरून किंचित हलतो आणि सकाळी हलत नाही. आम्ही खिडकीला पडदा लावून पाहिला, पंखा बंद करून घामाने निथळलो, ओट्याखाली रबर घातलं. काही उपयोग नाही. शेवटी त्यांनीच शोधलं: दुपारी वीज जाऊन परत आलेली असायची, नळी थंड होऊन पुन्हा तापत असायची आणि पुरती तापण्याआधीच आम्ही घाई करून मोजत होतो. एखाद्याने मोजायची वेळ बदलली असती आणि सोडून दिलं असतं. यांनी साच्यात एक नवा रकाना घातला, 'वीज परत आल्यापासून गेलेला वेळ'. साच्यात आपापले जादा रकाने घालायची सोय असते. आपली मोजमापं त्या सगळ्यांसाठी खुली ठेवत असत, कुणीही उतरवून घ्यावीत. एकदा लांबच्या कुठल्याशा देशातल्या एका संशोधकाचं पत्र आलं. त्याला सगळे रकाने समजले होते, हा एक सोडून. वीज परत येणं म्हणजे काय, ती कुठे जाते, असं त्याने विचारलं होतं. त्या पत्राने विभागात महिनाभर करमणूक केली. सागरबाईंनी मात्र त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. नंतर त्याने कळवलं की तुमच्या लेझरच्या तापण्याच्या नोंदींसारख्या नोंदी मला दुसरीकडे कुठेच मिळाल्या नाहीत, कारण बाकीच्यांचे लेझर असे सारखे बंदच पडत नाहीत. आमची तकलीफ कुणाच्या तरी कामी आली, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी साऱ्या विभागाला भजी खाऊ घातली.

या सगळ्यातून सोमवार ठरला. सोमवारी सकाळी आमच्या दोघांचाही पहिला तास रिकामा असायचा. औंढ्याला जाणाऱ्या भाविकांनी एसटी स्टँड फुललेलं असायचं, त्या गर्दीतून सागरबाई चालत यायच्या, लेझर लावायच्या, तो तापेपर्यंत डब्यातले शेंगदाणे खायच्या आणि मग मोजायच्या. दर सोमवारी, सुट्टी असली तरी. लेझरची नळी म्हातारी होत जाते. उजेड मंदावतो, ठिपक्याचा आकार बिघडतो आणि एक दिवस ती लागतच नाही. आपल्या या एका साध्या, स्वस्त, विद्यार्थ्यांनी हाताळलेल्या लेझरचं म्हातारपण शेवटापर्यंत मोजायचं, मध्ये खंड न पडता, आणि सगळं त्या साच्यात ठेवायचं, हे त्यांनी मनाशी घेतलं होतं. मोठ्या प्रयोगशाळा नळी जरा मंदावली की बदलून टाकतात, शेवट कुणी बघतच बसत नाही. मी चिडवायचो, मॅडम, लोक आईबापाला इतकं बघत नाहीत. त्या म्हणायच्या, "पूर्ण असलं तर कामाचं, सर. मधी भोक पडलं की समद्यावरच शंका येती." औंढ्याच्या बाजूला लेझरचं काहीतरी प्रचंड उभं राहणार म्हणून तेव्हा जिल्हाभर चर्चा होती. पाहुणेरावळे आम्हाला त्याबद्दल विचारत. सागरबाई त्यांना आमच्या ओट्यावरचा ठिपका दाखवायच्या आणि म्हणायच्या, ते होईल तेव्हा होईल, हे तर चालू आहे.

आजार कळला तेव्हा तो बराच पुढे गेलेला होता. त्यांनी मला प्रयोगशाळेतच सांगितलं, लेझर तापत असताना, शेंगदाण्यांचा डबा माझ्यापुढे सरकवून. नांदेडला उपचार सुरू होणार, किती दिवस ते माहीत नाही. मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. मला धीर नको, सोमवार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी नसताना मोजाल का? मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लेझरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी ओटा धुऊन ठेवा म्हटलं असतं तरी मी मान हलवली असती. पण त्यांना नुसत्या मानेवर भागवायचं नव्हतं. पुढचे दोन सोमवार त्यांनी मला शेजारी उभं करून सगळं करायला लावलं. मी वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस; काळी काच उलटी घातली म्हणून त्यांनी मला विद्यार्थ्यांदेखत बोलून घेतलं. "आता न्हाई ऐकलं तर मंग कवा ऐकणार?" असं बोलून गेल्या, आणि मग स्वतःच काच काढून सुलटी घातली.

नांदेडला गेल्यावर दर सोमवारी त्यांचा फोन ठरलेला. मोजून झालं की मी फाइल पाठवायची, त्यांनी तिकडे मोबाइलवर उघडून तपासायची. कधी चेहरा सुजलेला, आवाज बसलेला, तरी चूक मात्र बराबर सापडायची. खोलीच्या उजेडाचा रकाना मागच्या आठवड्यातला तसाच राहिला, सर. आज दरवाजा उघडा होता का, सर. मी कुरकुरायचो आणि आतून मला बरं वाटायचं. चूक दाखवण्याइतका जोर आहे, म्हणजे ठीक चाललंय, असं मी घरी सांगायचो. खरं म्हणजे बरं काही चाललं नव्हतं. नळीही त्याच सुमारास मंदावायला लागली होती. ते आकडे पाठवायचं माझ्या जिवावर यायचं, पण आकडा दडवणं त्यांच्याबाबतीत शक्यच नव्हतं. त्यांनीच एकदा सहज म्हणावं तसं म्हटलं, की बघू आता कोण आधी. लगेच विषयही बदलला.

शेवटची भेट त्याच्या पुढच्या रविवारची. खाटेवर बसवलं होतं, पाठीला उशा, डोक्याला रुमाल. मारोती औषधं आणायला खाली गेला होता. त्यांनी मला जवळ खुर्ची ओढायला सांगितली. मला वाटलं घरचं काही सांगतील, आबांचं, मारोतीच्या लेकरांच्या शाळेचं. त्या म्हणाल्या, सर, मी गेले तर तुम्ही दुःखाच्या भरात एखादा सोमवार चुकवाल, मला माहीत आहे. चुकवू नका. आणि नळी बंद पडेल त्या दिवशी... इथे त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. "त्या दिवशी बी मोजा, सर. अंधाराचं बी मोजमाप घ्या. शेवटाची फाइल पाहिजे." मी हो म्हणालो. यावेळी नुसती मान हलवली नाही, तोंडाने हो म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हात गरम होता, ताप असावा. मग मारोती आला आणि आम्ही बाळापूरच्या बाजाराबद्दल, यंदाच्या हळदीच्या भावाबद्दल बोलत बसलो. निघताना मी परवा, मंगळवारी, सोमवारची फाइल घेऊनच येतो म्हणालो. तो मंगळवार कसा गेला ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

दिवसकार्य झाल्यावर आबा एकदा महाविद्यालयात आले. सागरबाईंच्या कपाटातल्या वस्तू न्यायच्या होत्या. शाल, चपलांचा जोड, एक आरसा. पिशवी भरून झाली तरी ते जाईनात. मग म्हणाले, ती काय मोजायची ते मला एकदा दाखवा. सोमवार नव्हता, तरी मी लेझर लावला. भिंतीवरच्या पांढऱ्या कागदावर ठिपका उमटला, पूर्वीपेक्षा फिकट. आबांनी जवळ जाऊन बघितलं, त्यावर तळहात धरला, ठिपका तळहातावर आला. त्यांनी मूठ मिटली, उघडली. माझ्या मनात आलं, आता विचारतील, एवढ्याशासाठी माझी लेक पुण्याहून परत आली होती का? त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आता कोण मोजून राहिलं, सर?" मी म्हणालो, मी. मी काही त्यांच्या पोरीसारखा शिस्तीचा माणूस नाही, हे त्यांनी घोंगडीवर बसून माझ्याच तोंडून ऐकलेलं. "बंद पडंपातूर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, व्हय आबा, बंद पडेपर्यंत. तेव्हा त्यांनी पिशवी उचलली. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो, डोंगरकड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं आणि परत येऊन लेझर बंद केला.

एक गोष्ट मी आबांना सांगितली नाही, सांगता आलीच नसती. मोजमापाचा साचा संगणकावर उघडला की सगळ्यात वरच्या रकान्यात मोजणाऱ्याचं नाव आपोआप येतं, आणि ते सागरबाईंचं येतं. त्यांनीच तशी सोय करून ठेवलेली. त्या दवाखान्यात असताना मी एकदा फोनवर कटकट केली होती, की दर वेळी तुमचं नाव खोडून माझं लिहावं लागतं, हे कुठे बदलायचं ते सांगा, दोन मिनिटांचं तर काम असेल. त्या म्हणाल्या, "राहू द्या सर. मी आल्यावर बदलते."

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी साचा उघडला आणि ते नाव आलं. तसंच राहू द्यावं, आजचं मोजमाप त्यांच्याच नावाने जावं, असं मला फार, फार वाटलं. जगात कुणाला कळलं असतं? लांबच्या देशातल्या त्या संशोधकाला वाटलं असतं, हिंगोलीच्या बाई अजून मोजताहेत. मी बोटं आवरून बसलो. शेवटी खोडलं, कारण खोटी नोंद झाली असती, आणि तीही त्यांच्या नावाने. नाव कुठे बदलतात ते आता मला सापडलं आहे. खरंच दोन मिनिटांचंही काम नाही. ते मी अजून केलेलं नाही. सोमवारी सकाळी मी लेझर लावतो, साचा उघडतो, वीज येऊन किती वेळ झाला ते बघतो. नळी म्हातारी झालीय, तापायला आताशा जास्त वेळ घेते. तेवढा वेळ ते नाव पडद्यावर असतं आणि मी समोर खुर्चीत बसलेला असतो. मग एकेक अक्षर खोडतो आणि माझं नाव लिहितो.